‘एवढं एक करून द्या’ : छोट्या सॉफ्टवेअरमधल्या बदलत्या गरजांचा आढावा

जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक वस्तूंसाठीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे रद्द करायचं ठरवलं आणि २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. सणाची खरेदी सुरू होत असतानाच दुकानादुकानांतलं बिलिंग सॉफ्टवेअर बदलावं लागलं. तयार कपड्यांचंच पाहा. आधी हजार रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यापुढे १८. म्हणजे दर बदललाच, पण तो जिथे बदलतो ती किमतीची मर्यादाही सरकली. शिवाय ऑगस्टमध्ये १२ टक्के लावून विकलेला अठराशे रुपयांचा शर्ट ऑक्टोबरमध्ये परत आला, तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी. दर, किमतीची मर्यादा आणि लागू होण्याची तारीख या तिन्ही गोष्टी ज्या सॉफ्टवेअरमध्ये एका तक्त्यात ठेवलेल्या असतील, तिथे चार नोंदी भरून काम भागतं. १२ हा आकडा प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी लिहून ठेवलेला असेल, तर एकेक फाइल उघडून तो शोधत बसावं लागतं.

अशी सॉफ्टवेअर्स बनवणारे पुष्कळदा छोटे व्यावसायिक असतात. दोन ते पाच माणसं, एक ग्राहक किंवा एकाच धंद्यातले काही ग्राहक, तीन-चार महिन्यांचं काम आणि मग वर्षानुवर्षं चालणारा एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, करार. दुकानं, दवाखाने, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, शिकवणी वर्ग यांचा रोजचा कारभार अशा सॉफ्टवेअरवर चालतो, आणि ‘एवढं एक करून द्या’ हा निरोप त्या बनवणाऱ्यांना रोज येतो. बदलत्या गरजा कशा सांभाळायच्या याविषयी गेल्या पन्नासेक वर्षांत भरपूर लिहिलं गेलं. मात्र त्यातलं बरंचसं लष्कर, अंतराळ, दूरसंचार, बँका यांच्या मोठ्या कामांच्या अनुभवातून आलेलं आहे. छोट्यांच्या उपयोगाचं त्यात काय आहे, हे पाहायचं आहे. माझं मत आधीच सांगतो. छोट्या कामात बदल करणं सहसा फार महाग नसतं. महाग पडतो तो कोणी मागितला, का मागितला आणि त्याचे पैसे कोण देणार हे न ठरवता केलेला बदल.

सुरुवात १९७० पासून करायला हवी. विन्स्टन रॉइस यांनी त्या वर्षी मोठ्या सॉफ्टवेअरच्या व्यवस्थापनावर एक निबंध वाचला. आधी सगळ्या गरजा लिहायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी, अशा एकामागून एक पायऱ्यांची आकृती त्यात होती. पुढे ती ‘वॉटरफॉल’ या नावाने जगभर पोहोचली. त्याच निबंधात रॉइस यांनी ही सरळ उतरण धोक्याची आहे असं बजावलं होतं आणि नव्या प्रकारचं काम असेल तर आधी एक प्राथमिक आवृत्ती करून पाहा, असं सुचवलं होतं. आकृती लोकांच्या लक्षात राहिली, इशारा राहिला नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये पहिली आवृत्ती टाकून द्यायचीच आहे असं धरून चाला, असा सल्ला दिला, वीस वर्षांनी निघालेल्या नव्या आवृत्तीत त्यांनीच तो सुधारला आणि थोडंथोडं वाढवत नेण्याच्या पद्धतीकडे कल दाखवला. मधल्या काळात, १९८६ मध्ये, त्यांनी मांडलं की सॉफ्टवेअर बांधण्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे नेमकं काय बांधायचं ते ठरवणं. हे विधान आजही जुनं झालेलं नाही.

पण धंद्यावर सगळ्यात खोल ठसा उमटवला तो एका आकड्याने. बॅरी बोम यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवलं की गरजा ठरवतानाची चूक सॉफ्टवेअर वापरात गेल्यावर दुरुस्त करायची झाली, तर खर्च शंभर पटींपर्यंत जाऊ शकतो. हे ‘शंभर पट’ पाठ्यपुस्तकांत गेलं, वर्गांत शिकवलं गेलं, ‘आधी सगळं लिहून सही घ्या’ या आग्रहाचा आधार झालं. त्याच ग्रंथात, त्याच आलेखात, छोट्या कामांचा आकडा वेगळा आहे : सुमारे चार पट. २००१ मध्ये बोम आणि व्हिक्टर बॅसिली यांनी पुन्हा तेच नोंदवलं, की छोट्या आणि फारशा जोखमीच्या नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे प्रमाण शंभराला एक नसून पाचाला एकच्या जवळ असतं. चार-पाच पट म्हणजेही खर्च आहेच. पण त्या भीतीने तीन माणसांच्या फर्मने ऐंशी पानांचं गरजपत्रक लिहावं आणि दुकानदाराकडून पानापानावर सही घ्यावी, एवढा तो मोठा नाही. तो दुकानदार ते वाचणार नाही, आणि न वाचता केलेल्या सहीचा वाद निघाला की कोणालाच उपयोग होत नाही.

छोट्या कामांविषयी माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रयोगही बोम यांचाच आहे, आणि त्याची आठवण फार कमी जण काढतात. १९८४ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी सात गटांना एकच छोटं सॉफ्टवेअर बनवायला दिलं, काही हजार ओळींचं. चार गटांनी आधी गरजा सविस्तर लिहिल्या, तीन गटांनी कच्चा नमुना करून दाखवला आणि त्यावरून पुढे गेले. नमुनावाल्यांचा कोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरला आणि श्रम ४५ टक्क्यांनी कमी लागले. त्यांचं सॉफ्टवेअर वापरायला आणि शिकायला सोपं ठरलं. लिहिणाऱ्यांचं मात्र कामाच्या व्याप्तीत आणि दणकटपणात सरस ठरलं. गट मोजके होते, विद्यार्थ्यांचे होते, तेव्हा यावरून फार मोठा नियम काढू नये. तरी त्यातलं चित्र छोटं काम केलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. पडदा डोळ्यांसमोर आला की ग्राहक बोलू लागतो, आणि नको असलेल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळतात. दणकटपणा मात्र नमुना पाहून येत नाही. वीज गेल्यावर अर्धवट बिलाचं काय, दोन काउंटरवरून एकच शेवटचा नग विकला गेला तर काय, हे कोणीतरी बसून लिहून काढावंच लागतं.

म्हणून छोट्या कामात कागद कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हा खरा प्रश्न. माझ्या अनुभवात पडद्यावरचे आणि रिपोर्टमधले बदल जवळजवळ कधीही केले तरी चालतात : रकाना पुढेमागे करणं, रंग, छपाईचा आकार, एखादी जास्तीची बेरीज. साठवलेल्या माहितीची रचना बदलायची झाली की गणित एकदम फिरतं. दवाखान्याचं सॉफ्टवेअर घ्या. सुरुवातीला एका रुग्णाला एक मोबाइल नंबर, असं धरलं. वर्षभराने कळतं की एकाच नंबरवर घरातले पाच जण नोंदवलेले आहेत आणि शोध नंबरावरून लागतो, त्यामुळे आजोबांची औषधं नातवाच्या नावावर दिसतात. कोड दोन दिवसांत बदलेल, पण वर्षभराच्या नोंदी कोणी वेगळ्या करायच्या? हे काम रिसेप्शनिस्टच्या शेजारी बसून, एकेक नोंद पाहून करावं लागतं. माहितीहून कठीण तिसरा थर म्हणजे एकदा बाहेर गेलेला दस्तऐवज : दिलेलं बिल, भरलेलं विवरणपत्र, छापलेली पावती. तो मागे जाऊन बदलता येतच नाही. कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियमच आहे. तेव्हा पहिल्या बैठकीत पडद्यांविषयी कमी आणि माहितीविषयी जास्त बोलावं. एका ग्राहकाला दोन पत्ते असू शकतात का? एक माल दोन एककांत विकला जातो का, पोत्याने घेऊन किलोने? मागची तारीख घालून नोंद होते का? या प्रश्नांची उत्तरं दोन पानांत मावतात, आणि पुढची दोन वर्षं वाचवतात.

बदल कुठून येतात, याचंही अभ्यासकांनी वर्गीकरण केलं आहे. हार्कर, ईसन आणि डॉब्सन यांनी १९९३ मध्ये बदलत्या गरजांचे पाच प्रकार मांडले. छोट्या कामापुरते त्यातले तीन लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला, बाहेरचं जग बदलल्यामुळे येणारा. ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० ला पाचशे कोटींवर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींपर्यंत खाली आली. ज्यांना पहिल्या दिवशी तिचा संबंध नव्हता, त्यांच्या दारात ती तीन वर्षांत आली. दुसरा, बोलता-बोलता समज वाढल्यामुळे येणारा. पतसंस्थेचा व्यवस्थापक आधी ‘थकबाकीची यादी’ मागतो. यादी पाहिल्यावर त्याच्या लक्षात येतं, की त्याला जामीनदारांप्रमाणे यादी हवी होती, कारण वसुलीला माणूस जातो तो जामीनदाराकडे. तिसरा, सॉफ्टवेअर वापरल्यामुळेच जन्मणारा. गृहनिर्माण संस्थेत मेंटेनन्सची बिलं ईमेलने जायला लागली, की सभासद पावतीही ईमेलने मागतात, मग ऑनलाइन भरणा मागतात, मग थकबाकीदारांची यादी सगळ्यांना दिसावी की नाही यावर सर्वसाधारण सभेत चर्चा होते. ही मागणी सॉफ्टवेअर येण्याआधी कोणाच्या मनातही नव्हती. कितीही मुलाखती घेतल्या असत्या तरी ती सापडली नसती.

हा तिसरा प्रकार मेयर लेहमन यांनी फार आधी ओळखला होता. आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा अभ्यास करताना १९७४ मध्ये त्यांनी नियम मांडला, की खऱ्या जगात वापरलं जाणारं सॉफ्टवेअर सतत बदलत राहतं, नाहीतर हळूहळू निरुपयोगी होत जातं. मला हा नियम दिलासा देणारा वाटतो. ग्राहक बदल मागतो आहे याचा अर्थ तो सॉफ्टवेअर वापरतो आहे. ज्या पार्टीकडून वर्षभर एकही फोन आला नाही, तिथे जाऊन पाहावं. बहुधा एक्सेलवर काम चालू असतं.

प्रकार ओळखण्याचा व्यवहारातला उपयोग पैशाशी आहे. बाहेरच्या जगाने लादलेला बदल सगळ्याच ग्राहकांना लागतो, तेव्हा त्याचा खर्च एएमसीत धरलेला असावा आणि एकदाच केलेलं काम सगळ्यांना द्यावं. समज वाढल्यामुळे आलेला बदल दोघांचाही असतो. ग्राहकाने सांगितलं नाही हे जितकं खरं, तितकंच आपण विचारलं नाही हेही. त्यासाठी मूळ किमतीतच काही दिवस राखून ठेवावेत आणि ते राखले आहेत हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं. वापरातून उगवलेली मागणी हे नवं काम आहे, त्याचं वेगळं बिल व्हावं. असं वर्गीकरण समोरच्याला समजावून सांगितलं की तो सहसा वाद घालत नाही. एरवी सगळ्याच मागण्या ‘छोटासा बदल’ म्हणून येतात आणि फुकट की पैशाने यावर दर वेळी नव्याने घासाघीस होते. दोन्हीकडच्या माणसांचा जीव त्यातच थकतो.

आता अजाइलकडे वळू, कारण आज या प्रश्नाचं उत्तर म्हणून तेच नाव पुढे येतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जणांनी मिळून त्याचा जाहीरनामा केला. काम उशिराच्या टप्प्यात असतानाही बदलत्या गरजांचं स्वागत करा, हे त्यामागच्या बारा तत्त्वांतलं दुसरं. त्याआधी केंट बेक यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’मध्ये दावा केला होता, की स्वयंचलित चाचण्या, साधा आराखडा आणि कोडची नियमित फेररचना असेल तर बदलाचा खर्च काळाबरोबर फारसा चढत नाही. बोम यांचे छोट्या कामांचे जुने आकडे पाहिले, तर छोट्यांसाठी हे पुष्कळ अंशी आधीच खरं होतं. आणि जे ती शिस्त पाळत नाहीत त्यांच्या हातून तो फायदाही निसटतो. चाचण्या नसलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये तिसऱ्या वर्षी एक बदल केला की दुसरीकडे दोन गोष्टी मोडतात.

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग जिथे घडलं, त्या क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पाची गोष्ट छोट्यांनी नीट ऐकावी. ग्राहकाचा एक प्रतिनिधी सतत गटाबरोबर बसलेला असावा, ही त्या पद्धतीतली महत्त्वाची अट. सॉफ्टवेअर १९९७ मध्ये काही हजार कर्मचाऱ्यांसाठी सुरू झालं, पण ग्राहकाची ती प्रतिनिधी ताणाने थकून निघून गेली, तिची जागा नीट भरता आली नाही आणि २००० मध्ये काम थांबवण्यात आलं. सगळा भार एका माणसावर टाकणारी व्यवस्था त्या माणसाइतकीच टिकते. आपल्याकडच्या दुकानात तर उलटीच अडचण असते : बदल सांगणारे चार जण. मालक पैसे देतो, अकाउंटंट वापरतो, काउंटरवरचा मुलगा सगळ्यात जास्त वापरतो पण त्याला कोणी विचारत नाही, आणि सीए मार्चअखेरीस येऊन वेगळाच रिपोर्ट मागतो. अकाउंटंटने सांगितलेला बदल करून दिला आणि मालक म्हणाला, ‘हे कोणी सांगितलं होतं?’, ही वेळ या धंद्यात सर्रास येते. स्क्रम या अजाइल पद्धतीतली प्रॉडक्ट ओनरची कल्पना इथे खरोखर कामाची आहे : मागणी कोणीही करावी, क्रम एकानेच ठरवावा. त्या एकाचं नाव करारात लिहावं, आणि तो रजेवर गेल्यास दुसऱ्याचंही.

स्क्रमचं बाकीचं कर्मकांड तीन माणसांना लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच खोलीत बसणाऱ्यांनी रोज सकाळी उभं राहून काल काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. ठराविक दिवशी चालतं सॉफ्टवेअर ग्राहकासमोर ठेवणं मात्र कधी चुकवू नये. दर पंधरवड्याला एक डेमो, त्यात आलेल्या सगळ्या सूचना तिथेच लिहून घ्यायच्या, आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर आलेल्या मागण्या त्याच यादीत टाकायच्या. यादी साधी असावी : तारीख, कोणी मागितलं, काय हवं, कशासाठी हवं, किती दिवस लागतील, पैसे कोणाचे, हो की नाही. ‘कशासाठी’ हा रकाना सगळ्यात उपयोगी. तो भरायला लागलं की काही मागण्या तिथेच मावळतात आणि काहींना मागितलेल्यापेक्षा सोपं उत्तर सापडतं. व्हॉइस मेसेजवर ‘ठीक आहे, करतो’ असं उत्तर देण्याची सवय मात्र सोडायला हवी. घाईत दिलेला तो होकार पुढे शब्द दिल्यासारखा धरला जातो.

ठरलेल्या किमतीच्या करारात बदल बसवायचा कसा, यावर ब्रिटनमध्ये ओरॅकलमध्ये काम करणाऱ्या डाय क्लेग यांची १९९४ ची ‘मॉस्को’ पद्धत छोट्यांना चांगली मानवते. अत्यावश्यक, असायला हवं, असलं तर बरं, आणि या खेपेला नाही, अशा चार गटांत गरजा वाटायच्या. वेळ आणि पैसा पक्का, व्याप्ती लवचीक. नवं काही आत घ्यायचं तर तेवढ्याच वजनाचं काहीतरी बाहेर काढायचं. अडचण एकच : पहिल्या यादीत ग्राहक सगळंच अत्यावश्यक म्हणतो. त्यावर उपाय प्रश्न फिरवून विचारण्याचा आहे. ‘हे नसेल तर पहिल्या तारखेला दुकान उघडता येईल का?’ याचं उत्तर ‘येईल’ असेल, तर ते अत्यावश्यक नाही.

कोडच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात जुना सल्लाच सगळ्यात टिकाऊ निघाला आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये सांगितलं, की सॉफ्टवेअरचे भाग पाडताना कामाच्या पायऱ्यांनुसार पाडू नका. जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो एकेक निर्णय एकेका भागात लपवा. कराचा दर, सवलतीचा नियम, बिलाचा छापील नमुना, एसएमएस पाठवणारी कंपनी, व्याजाची आकारणी रोजच्या शिलकेवर की महिनाअखेरच्या. धंद्याची माहिती असलेला माणूस अशी यादी पहिल्याच आठवड्यात करू शकतो. याच्या विरुद्ध टोकाचा मोहही आहे. सगळंच सेटिंगमधून बदलता यावं म्हणून दीडशे पर्याय देणारी सॉफ्टवेअर्स आपण पाहतो. त्यांची चाचणी कोणी पूर्ण करू शकत नाही आणि ग्राहक त्यांना हात लावत नाही. गरज पडेपर्यंत बांधू नका, हा एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांचा आग्रह इथे पार्नास यांना पूरक ठरतो : बदल सोपा राहील अशी जागा ठेवा, बदल आधीच करून ठेवू नका. जीएसटीच्या पहिल्याच वर्षी याचा धडा मिळाला. मूळ आराखड्यात जीएसटीआर-१, २ आणि ३ अशी तीन विवरणपत्रं होती. त्यातली २ आणि ३ नोव्हेंबर २०१७ मध्ये स्थगित झाली, आणि तात्पुरती सोय म्हणून आणलेलं ३बी कायमचं होऊन बसलं. त्या दोन विवरणपत्रांसाठी आधीच खपून केलेलं काम वाया गेलं.

पंचवीसपर्यंत माणसांच्या फर्मसाठी आयएसओने २०११ पासून २९११० या क्रमांकाची मानकं काढली आहेत. त्यांत बदलाच्या मागणीची नोंद, तिच्या परिणामाचा अंदाज आणि मान्यता एवढ्याच मोजक्या गोष्टींचा आग्रह आहे. प्रमाणपत्राच्या मागे न लागताही ती वाचण्यासारखी आहेत.

आता कोड लिहून देणारी एआय साधनं आली आहेत, आणि तीन दिवसांचा बदल एका दुपारी होतो. ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये केलेला भेद इथे लागू पडतो : लिहिण्याचे कष्ट कमी झाले, काय लिहायचं ते ठरवण्याचे झाले नाहीत. मला दिसतो तो धोका वेगळा आहे. ग्राहकालाही आता ठाऊक आहे की टायपिंगला वेळ लागत नाही, त्यामुळे तो मागण्या वाढवतो आणि दर कमी मागतो. तासांवर बिल करणाऱ्या फर्मला याचा फटका बसणार. खरे तास जातात ते अकाउंटंटशी बोलण्यात, जुन्या नोंदींवर नवा नियम चालवून पाहण्यात आणि महिनाअखेरीला बेरजा जुळतात का हे तपासण्यात. अंदाजपत्रकात आजवर हे सगळं ‘डेव्हलपमेंट’ या एका ओळीत दडलेलं असायचं. छोट्या फर्मनी या वर्षीच्या एएमसी करारांपासून ‘माहितीची पडताळणी’ आणि ‘चाचणी’ अशा दोन वेगळ्या ओळी लिहाव्यात, त्यांचे दिवस वेगळे मोजावेत आणि त्यांचेच पैसे मागावेत.